कामावरून काढलेलं मांजर

कुत्र्याला मालक असतो आणि मांजराला नोकर असतात, हे वाक्य मांजर पाळणाऱ्या घरात पाहुणा आला की चहाच्या आधी येतं. मागोमाग पुरावे येतात. पहाटे पाचला छातीवर बसून गळा काढणं. वाटीत निम्मं खाणं शिल्लक असताना मधोमध तळ दिसला म्हणून तीन दिवसांचा उपास घडल्यासारखं पायात घोटाळणं. हौसेनं आणलेली मऊ गादी सोडून ती गादी ज्या खोक्यातून आली त्या खोक्यात जाऊन बसणं. बंद दार उघडेपर्यंत खरवडायचं आणि उघडलं की उंबऱ्यावर बसून आत जावं की बाहेर याचा निवांत विचार करायचा. टेबलावरचा पेला आपल्या डोळ्याला डोळा भिडवून एकेक बोट कडेला सरकवायचा आणि शेवटी पाडायचाच. हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगितलं जातं, पण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नसतं. जावयाच्या रुसव्यांबद्दल सासूबाई बोलतात तसा तो प्रकार असतो. आणि मग निकाल लागतो : मांजर ही जातच मतलबी, माजोरडी, नखरेल. मला पुराव्याबद्दल काही म्हणायचं नाही. पेला पडतो, पाच वाजतात, खोकं जिंकतं, हे सगळं खरं आहे. निकाल मात्र चुकीचा आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात भलतंच कुणीतरी उभं केलं आहे, असं माझं म्हणणं आहे.

या निकालाला परंपराही भक्कम आहे, म्हणून तो खोडायला थोडा जोर लावावा लागतो. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला ‘बैडालव्रतिक’ म्हटलं आहे, म्हणजे मांजराचं व्रत पाळणारा. हितोपदेशातला दीर्घकर्ण नावाचा बोका धर्माच्या गोष्टी सांगून जरद्गव या आंधळ्या गिधाडाचा विश्वास मिळवतो आणि झाडावरच्या पाखरांची पिल्लं फस्त करतो. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या भव्य शिल्पपटावर एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पंजे वर करून तप करताना कोरलं आहे आणि आजूबाजूला उंदीर भोळेपणानं जमले आहेत. आपल्या रोजच्या बोलण्यात ते डोळे मिटून दूध पितं, शिंकं तुटलं की त्याचंच फावतं आणि आडवं गेलं की आपलं काम बिघडतं. जुन्या काळानं मांजराला ढोंगी साधू ठरवलं, आजच्या फ्लॅटनं त्याला महाराणी ठरवलं. दोन्ही वेळा चूक एकच झाली. माणसाच्या मनातले डाव उचलून जनावराच्या डोक्यात ठेवले गेले. (जाता जाता : मराठीनं ‘मांजर’ हा शब्द नपुंसकलिंगीही ठेवला आहे, बोका आणि भाटी वेगळे नेमून दिले आहेत. तरी तक्रार करताना प्रत्येक मांजर ‘ती’ होतं, बोका असला तरी. नखरे म्हटले की बाईच आठवावी, हा दोष मांजराचा नक्की नव्हे.)

मुळशी तालुक्यातलं चांदे घ्या. नांदे-चांदे अशी जोडीनंच उच्चारली जाणारी ही गावं. एका अंगाला माण-हिंजवडीचं आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला मुळशीची भातखाचरं. शेजारची सूस आणि म्हाळुंगे २०२१ साली पुणे महापालिकेत गेली, चांदे त्या यादीत नव्हतं. अशा गावांत आज मांजराच्या दोन जाती सापडतात, आणि हा जातिभेद रक्ताचा नाही, पत्त्याचा आहे. एक जुन्या घरातलं, माळ्यावर पेंढ्यात विणारं, भाताच्या पोत्यांवर बसणारं. दुसरं इमारतीत आठव्या-नवव्या मजल्यावर, गॅलरीला बांधलेल्या कबुतरांच्या जाळीमागं. पहिल्याच्या नखऱ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. त्याला नावही बहुतेक वेळा ‘मनी’ किंवा नुसतंच ‘मांजर’. ते कधी आलं, कधी गेलं, कुठं निजलं, याची नोंद कुणी ठेवत नाही, आणि तेही कुणाच्या छातीवर बसून पाच वाजल्याचं सांगत नाही. दुसऱ्याच्या तक्रारींची वही भरते. दोघांना एकमेकांच्या जागी नेऊन ठेवलं तर चार-सहा महिन्यांत वहीसुद्धा घर बदलेल. स्वभाव जर जातीत असता, तर तो मजल्याप्रमाणे बदलला नसता.

फरक कामाचा आहे. मुळशी-मावळचा पट्टा भाताचा, त्यातही आंबेमोहोराचा; या तांदळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. भात खाचरात उभा असल्यापासून कणगीत पडेपर्यंत आणि कणगीतून ताटात येईपर्यंत त्यावर उंदराची नजर असते. खळ्यावर, पेंढ्याच्या उडवीत, माळ्यावर, पोत्यांच्या थप्पीमागं तो असतोच. मांजर माणसाच्या घरात शिरलं ते या धान्याच्या वाटेनं. आजची सगळी घरगुती मांजरं पश्चिम आशिया-आफ्रिकेतल्या रानमांजराच्या वंशातली आहेत, हे २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच, म्हणजे शेती करणाऱ्या लोकांनी ते होडीत घालून सोबत नेलं होतं. गाय दुधासाठी, बैल नांगरासाठी, घोडा बसण्यासाठी आपण पकडून आणला. मांजराला कुणी पकडून आणल्याचं दिसत नाही. कोठारात उंदीर होते, ते आलं, राहिलं, आणि दोन्ही बाजूंचं बरं चाललं. इतका निर्मळ करार माणसानं दुसऱ्या कुठल्या जनावराशी केल्याचं मला आठवत नाही.

त्या कराराची सरकारदरबारी दखल घ्यावी असं सांगणारा एक माणूस महाराष्ट्रातच होऊन गेला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढं तो पुण्यात आणि गावोगाव पसरला. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले ब्यूकॅनन नावाचे डॉक्टर तेव्हा वऱ्हाडात, अमरावतीकडं होते. ज्या गावांत घरोघरी मांजरं जास्त, तिथं प्लेग कमी, असं त्यांच्या पाहण्यात आलं, आणि १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी मांजरं पाळा असा आग्रह मांडला. आजचा वाचक लगेच म्हणेल की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळं दुसरी झाली असं ठरत नाही, शिवाय मांजरालाही प्लेग होतो. दोन्ही मुद्दे बरोबर. आणखी एक मीच जोडतो : २०१८ साली न्यूयॉर्कमधल्या एका कचरा-प्रक्रिया केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिलं, तर तिथल्या भटक्या मांजरांनी मोजून दोन मोठे उंदीर मारले. गलेलठ्ठ उंदरापुढं मांजर मागं सरतं, घुशीचं तर नाव नको. पण त्याच पाहणीत मांजरांचा वावर असताना उंदीर बाहेर कमी पडताना दिसले. लहान चिचुंद्रीएवढे उंदीर आणि त्यांची पिल्लं हा मांजराचा खरा हिशेब. कणगीच्या दृष्टीनं उंदीर मेला काय आणि भिऊन बिळात बसला काय, दाणा वाचला. रात्रपाळीचा पहारेकरी रोज चोर पकडत नाही म्हणून त्याला कुणी बसून पगार खाणारा म्हणत नाही.

आता हा पहारेकरी नवव्या मजल्यावर आणून ठेवा. तांदूळ महिन्याला पाच किलोच्या पिशवीतून येतो आणि हवाबंद डब्यात जातो. उंदीर नाही, बीळ नाही, माळा नाही, पेंढा नाही. काम काढून घेतलं, पण कामासाठी घडवलेलं शरीर तसंच ठेवलं. मांजर दिवसाच्या दोन संधींना जागं असतं, पहाटेच्या आणि सांजेच्या, कारण उंदीर तेव्हाच बाहेर पडतो. अंधूक उजेडात आपल्यापेक्षा किती तरी चांगलं पाहणारे डोळे त्याला त्यासाठीच मिळाले. पहाटे पाचला भाताच्या घरातलं मांजर पाळी संपवून परत येत असतं; नवव्या मजल्यावरचं पाळीवर निघायला तयार असतं आणि दाराला कुलूप असतं. मग घरात हलणारी, गरम, श्वास घेणारी एकच वस्तू उरते, ती पांघरुणाखाली असते, आणि पांघरुणातून तिची बोटं बाहेर आलेली असतात. ते बोट चावतं, यात आश्चर्य ते काय? आश्चर्य आहे ते आपण त्याला ‘मुद्दाम झोपमोड करतं’ असं म्हणण्यात.

वाटीच्या तळाचा मुद्दाही इथंच सुटतो. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात, एका लहान उंदरात ३०च्या आसपास मिळतात. म्हणजे निसर्गानं त्याला दिवसाकाठी आठ-दहा वेळा थोडं थोडं खायला शिकवलं आहे. आपण मात्र त्याला माणसाचं ताट लावतो, सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि मधल्या वेळात मागितलं की हावरट म्हणतो. त्यात पुन्हा चवीचा घोळ. मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणारं एक जनुक त्याच्यात बिघडलेलं आहे, हे २००५ साली सिद्ध झालं. पेढ्याकडं ढुंकून न पाहणारं मांजर नाक मुरडत नसतं, त्याच्या लेखी तो पेढा म्हणजे मऊ खडू. दूधभाताचं तर बोलायलाच नको. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी घरांनी मांजराला दूधभात घातला आणि ते वाढलंही, कारण उरलेलं जेवण ते माळ्यावर उरकत होतं. दूधभात ही दक्षिणा होती, जेवण नव्हतं. फ्लॅटमध्ये माळ्यावरचं जेवण बंद आणि दक्षिणा तेवढी चालू. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते मांसातूनच यावं लागतं. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू सैल पडून मांजर मरतं, हे १९८७ साली कॅलिफोर्नियात दाखवून दिलं गेलं. तेव्हापासून तयार खाण्यात ते घातलं जातं. दूधभाताच्या बशीपाशी बसून बशीकडं न पाहता स्वयंपाकघराकडं पाहत ओरडणारं मांजर कदाचित आपल्यापेक्षा आहारशास्त्र जास्त जाणून असतं.

बाकीचे नखरे भराभर उरकता येतात. लॅपटॉपवर बसणं : मांजराच्या अंगाला ३० ते ३८ अंश सेल्सिअसची ऊब सोयीची वाटते, आपल्याला वीस-बावीसवर एसी लागतो; त्या खोलीत गरम जागा दोनच, लॅपटॉप आणि मांडी, आणि मांडीवर लॅपटॉप असतो. हिंजवडीच्या मीटिंगमध्ये पडद्यावर शेपटी फिरते ती यामुळं. खोकं : नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठानं २०१४ साली निवाऱ्यात नव्यानं आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकी दिली आणि काहींना दिली नाहीत, खोकीवाली लवकर स्थिरावली. चार भिंती जवळ असणं म्हणजे पाठ सुरक्षित असणं, हे चाळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. सोफा ओरबाडणं : नखांची जुनी टरफलं काढणं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागं ठेवणं ही त्याची हजेरी आहे, रानात ती झाडाच्या खोडावर लागते. दाराचा वाद : इलाक्यातली एक वाट अचानक बंद झाली तर कुणीही विचारील का बंद केली, आणि उघडल्यावर ती खरंच उघडी आहे एवढं पाहून समाधान मानणं हे गस्तीचंच काम आहे, आत जाण्याचं नव्हे. पेल्याबद्दल मात्र मी वकिली थोडी आवरती घेतो. पंजानं ढकलून वस्तू जिवंत आहे का पाहणं ही शिकाऱ्याची रीत खरी, पण डोळ्याला डोळा भिडवण्याचा भाग त्याला आपणच शिकवला आहे.

हा शिकवण्याचा मुद्दा म्हणजे विरुद्ध बाजूचा सगळ्यात बळकट हुकूम आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. मांजर माणसाला वापरतं याला शास्त्रीय आधार आहे, असं ते म्हणतील, आणि खरंच आहे. ससेक्स विद्यापीठात २००९ साली असं आढळलं की खाणं मागताना काही मांजरांच्या गुरगुरण्यात एक उंच रडका सूर मिसळलेला असतो, आणि मांजर कधीही न पाळलेल्या माणसालासुद्धा तो सूर जास्त निकडीचा वाटतो. तान्ह्या बाळाच्या रडण्याशी त्याची जवळीक आहे. मोठी मांजरं आपसांत फारसं म्याँव करत नाहीत; पिल्लू आईपाशी करतं आणि मोठं मांजर माणसापाशी. मग हा डावपेच नव्हे काय? डावपेच म्हणायचं तर म्हणा, पण त्यातली शाळा कोणाची ते पाहा. मांजर सुरुवातीला दहा प्रकारे मागतं. शेपटी उभारून, अंगाला अंग घासून, वाटीपाशी बसून, गप्प पाहून. आपण मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. अकराव्या वेळी ते कर्कश ओरडतं आणि आपण उठतो. त्या क्षणी धडा पक्का झाला : सभ्यपणे मागून काही मिळत नाही, ओरडून मिळतं. पहाटेचंही तसंच. चार दिवस निग्रहानं डोक्यावर उशी घ्यायची आणि पाचव्या दिवशी कंटाळून उठायचं, याहून चिवट सवय लावणारी युक्ती प्राणिशास्त्राला ठाऊक नाही. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. सरकारी कचेरीत टेबलावर हात आपटल्याशिवाय कागद हलत नाही हे ज्याला कळलं त्या माणसाला आपण उद्धट म्हणतो की अनुभवी?

दुसरा आक्षेप अधिक खोचक आहे. कामाची एवढी हौस असेल तर मांजर फुकटचं का खातं? २०२१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत मांजरांपुढं दोन पर्याय ठेवले, एकात खाणं उघड्या ताटलीत, दुसऱ्यात कोडं सोडवून मिळणारं. उंदीर, कोंबड्या, अस्वलं यांच्यापैकी बरेच प्राणी अशा वेळी थोडे कष्ट करून खाणं पसंत करतात. मांजरांनी बहुतेक वेळा ताटली निवडली. झालं, मांजर आळशी ठरलं. पण खाणं आणि शिकार या मांजराच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्या आहेत, हे त्याआधी साडेचार दशकं माहीत होतं : १९७६ सालच्या एका प्रयोगात आवडतं खाणं खात असलेल्या मांजरांसमोर जिवंत उंदीर सोडला, तर त्यांनी ताट सोडून उंदीर मारला, तो आणून ताटाशेजारी ठेवला आणि पुन्हा ताटातलंच खाऊ लागली. प्लॅस्टिकच्या कोड्यातून गोळ्या काढणं ही शिकार नाही, कारकुनी आहे; ती कुणाला हवी असते? खरी परीक्षा उलटी घ्यायला हवी, शिकारीसारखं काही दिलं तर मागण्या घटतात का. तीही झाली. एक्सेटर विद्यापीठानं २०२१ साली इंग्लंडात बाहेर हिंडणाऱ्या शेकडो मांजरांच्या घरी पाहणी केली : रोज पाच-दहा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसामागं पळवलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार सुमारे २५ टक्क्यांनी घटली, आणि भरपूर मांस असलेलं खाणं दिलेल्यांची ३६ टक्क्यांनी. पाच-दहा मिनिटं! एवढ्या वेळात पुण्यातला माणूस सिग्नलवर एक रीलसुद्धा धड पाहत नाही. दहा मिनिटांच्या कामानं शिकारीची भूक चौथाईनं कमी होते, यावरून ती नखऱ्याची भूक होती की बेकारीची, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

कुत्र्याचं उदाहरण हमखास पुढं येतं. त्याचंही काम गेलं, मग ते का नाही त्रास देत? देतं की. मेंढरं वळवायला घडवलेली जात वन-बीएचकेमध्ये कोंडली की ती चपला फाडते, लिफ्टमध्ये भुंकते, घरातल्या पोरांनाच वळवत बसते. फरक इतकाच की कुत्र्याला किमान पंधरा हजार वर्षं आपण हुकूम ऐकायला निवडून निवडून वाढवलं. ते मागतं तेव्हाही आज्ञा झेलतोय असं दाखवत मागतं. मांजराला तसं कुणी वाढवलंच नाही, कारण कोठारात हुकूम सोडायला कुणी नव्हतं. तिथं जे स्वतःच्या बुद्धीनं चाललं तेच उपयोगी पडलं. ज्या स्वतंत्र वृत्तीसाठी हजारो वर्षं त्याला ठेवून घेतलं, तीच आज अवगुण म्हणून वहीत लिहिली जाते.

आता सगळ्यात साळसूद हरकत : अहो, ही तर गंमत आहे, विनोदाला एवढं काय धरून बसायचं? गमतीला माझी ना नाही. पण या विशिष्ट गमतीचा एक खर्च आहे आणि तो मांजर भरतं. महिनाभर नीट ट्रेमध्ये जाणारं मांजर एके दिवशी पलंगावर लघवी करतं. घरात हशा होतो, ‘राग काढला, परवा गावाला गेलो होतो ना.’ फोटो निघतो. पण मांजर सूड म्हणून लघवी करत नाही. बहुतेक वेळा मूत्राशयाला सूज आलेली असते, आणि ती सूज ताणातून, बदललेल्या दिनक्रमातून, अस्वच्छ किंवा अपुऱ्या ट्रेमधूनही येते. पशुवैद्यांचा साधा नियम आहे, जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. बोक्याची लघवीची वाट बारीक असते. ती खड्यानं किंवा बुळबुळीत गोळ्यानं पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. तो ट्रेमध्ये परत परत बसतो, कण्हतो, अंगाखाली चाटतो, आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘आज काय महाराजांचा नवीन ड्रामा?’ तसंच अचानक खाणं सोडणं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकतं; पण ‘ब्रँड बदलला म्हणून रुसलंय’ या विनोदानं ते दोन-तीन दिवस सहज निघून जातात. आजार लपवणं ही मांजराची जुनी खोड, कारण रानात ते स्वतःही कुणाचं तरी खाद्य असतं. त्यामुळं वागण्यातला बदल ही त्याची एकुलती एक तक्रार असते. त्या तक्रारीला आधीच ‘नखरा’ असं नाव देऊन ठेवलं की कान बंद झाले.

याचा अर्थ मांजराला परत चांद्याच्या खाचरात सोडा असा कुणी काढू नये. जुन्या घरातल्या मांजराचं मी वर जे वर्णन केलं त्यात एक गोष्ट लपवली, ती आता सांगतो : ते फार जगत नाही. रस्त्यावरचे डंपर, भटकी कुत्री, मुळशीच्या डोंगरउतारावरून खाली येणारा बिबट्या, उंदरांसाठी ठेवलेलं विष, वर्षातून दोन-तीनदा होणारी पिल्लं. त्याच्या नखऱ्यांची वही रिकामी राहते याचं एक कारण वही भरण्याइतकं आयुष्य त्याला मिळत नाही हेही आहे. शिवाय मोकळ्या मांजरानं पाखरांची जी कत्तल चालवली आहे, तिचा अमेरिकेतला २०१३चा अंदाज वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्ष्यांचा आहे. तेव्हा जाळी राहू दे, मांजर घरातच राहू दे. माझा वाद जाळीशी नाही. एखाद्याला घरात कोंडून सुरक्षित ठेवायचं आणि वर तो घरात फार लुडबुड करतो म्हणून हसायचं, याच्याशी आहे. कोंडलंय तर घराला थोडं कोठार करा : वर चढायला फळी, मागं लपायला खोकं, खरवडायला काथ्या गुंडाळलेला खांब, निजण्याआधी दहा मिनिटं पिसाची काठी आणि त्यानंतर दिवसाच्या खाण्यातला मोठा हिस्सा. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा मांजराचा क्रम आहे. तो रात्री अकराला पुरा झाला तर पहाटेचे पाच बरेच पुढं सरकतात. खर्च बघाल तर गादीहून कमी.

कायदाही मांजराला बऱ्यापैकी ओळखू लागला आहे. सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली मार्गदर्शक सूचनांत सांगितलं. पुणे महापालिकेनं २०२२च्या अखेरीस कुत्र्यांप्रमाणं मांजरांनाही परवाना लागू करायचं ठरवलं, तेव्हा मांजराला बिल्ला कोण बांधणार यावर घंटेच्या गोष्टीची आठवण काढून पुष्कळ विनोद झाले. ते विनोद फेब्रुवारी २०२५मध्ये थांबले. हडपसरमधल्या एका सोसायटीतल्या सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरं असल्याची बातमी आली, शेजारी वासानं आणि आवाजानं मेटाकुटीला आलेले, महापालिकेची नोटीस निघालेली. त्या प्रकरणात कोणाचं किती चुकलं हा माझा विषय नाही. पण नखऱ्यांच्या फिर्यादीला त्यातून एक उत्तर मिळतं, ते फार कुणी वाचलं नाही. तीनशे मांजरांच्या घरात एकाही मांजराला नखरा परवडत नाही. वाटीचा तळ दिसला म्हणून तिथं कुणी गळा काढला तर ऐकणार कोण? मांजर मागतं ते जिथं मागितल्यावर कुणीतरी उठतं तिथंच. ऑरेगन स्टेट विद्यापीठानं २०१९ साली मांजराच्या पिल्लांना अनोळखी खोलीत माणसापासून काही मिनिटं दूर ठेवून पुन्हा भेटवलं. जवळजवळ दोन-तृतीयांश पिल्लं माणूस परत येताच शांत झाली आणि खोली धुंडाळायला निघाली. तान्ह्या मुलांवर हीच चाचणी करतात, आणि आकडाही साधारण तेवढाच येतो.

म्हणून पहाटे पाचला छातीवर चार किलो वजन येऊन बसेल आणि नाकाजवळ मिशांचा ओलसर स्पर्श होईल, तेव्हा ‘नोकर’ या शब्दाला थोडी विश्रांती द्यायला हरकत नाही. भाताच्या घरात त्याला माळ्याचं दार सदैव उघडं मिळत होतं. इथं तीन कुलपं, एक लिफ्ट आणि एक जाळी आहे, त्या सगळ्यांच्या किल्ल्या आपल्याकडं आहेत, आणि किल्लीवाला अजून घोरत आहे.